लाल क्रेट

सध्या होस्टेलवर प्लेसमेंटचं वारं आहे. रात्री अकरानंतर बाल्कनीत मॉक इंटरव्ह्यू चालतात आणि त्यात एक प्रश्न हमखास येतो : "एखाद्या कंपनीचं वर्क कल्चर चांगलं आहे हे तुम्ही कशावरून ठरवाल?" उत्तरंही ठरलेली. ओपन डोअर पॉलिसी, टीम स्पिरिट, लर्निंग एन्व्हायर्नमेंट... विचारणाऱ्याने प्रश्न पाठ केलेला असतो आणि सांगणाऱ्याने उत्तर, त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नाही.

पण मंडळी, आपल्यातले सगळेच काही काचेच्या इमारतीत जाणार नाहीत. मेकॅनिकल, प्रॉडक्शनवाल्यांपैकी कितीतरी जण एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिली नोकरी करणार, आणि दोघे-चौघे पुढेमागे स्वतःची शेड टाकणार. तिथे एचआर नावाचा माणूस नसतो. पॉलिसी नावाचा कागद नसतो. मालक, मालकाची बायको, दहा-पंधरा कामगार आणि गेटवरचं एक कुत्रं, एवढाच स्टाफ. अशा ठिकाणी कल्चर म्हणतात ते असतं तरी कुठे? डिप्लोमा झाल्यावर डायरेक्ट सेकंड इयरला येण्याआधी मी एक वर्ष, २०२२-२३ मध्ये, भोसरी एमआयडीसीत अशाच एका शेडमध्ये क्वालिटी ट्रेनी म्हणून होतो. तिथल्या अनुभवावरून माझं उत्तर असं, की ते रिजेक्शनच्या क्रेटमध्ये असतं. कसं, ते सांगतो.

आमची शेड म्हणजे चार सीएनसी, एक व्हीएमसी, दोन जुने लेथ आणि दोन शिफ्टमध्ये मिळून १४ माणसं. मालकाला सगळे शेठ म्हणायचे, पण शेठ म्हटल्यावर डोळ्यासमोर जे पोट आणि जी गाडी येते, तसं काही नव्हतं. स्वतः आयटीआय केलेला, बारा वर्षं दुसऱ्याकडे मशीनवर उभा राहिलेला माणूस. हिशेब वहिनी बघायच्या. सगळ्यात जुने ऑपरेटर म्हणजे मामा. ते कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नाही, शेठही त्यांना मामाच म्हणायचे. सुट्टी गुरुवारी, कारण भोसरीची सुट्टी गुरुवारी असते. नव्या माणसाला हे अंगवळणी पडायला महिना जातो. रविवारी सकाळी सगळं पुणं झोपलेलं असताना आपण डबा घेऊन बसस्टॉपवर!

आता थोडं गणित, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही जॉबवर्क करायचो. म्हणजे फोर्जिंग कस्टमरचं, आम्ही फक्त मशीनिंग करून द्यायचं. एका फ्लँजला आम्हाला मजुरी मिळायची ११ रुपये. फोर्जिंगची किंमत १४० रुपये. जॉब बिघडला की कस्टमर मटेरियलचे १४० रुपये बिलातून डेबिट करणार. म्हणजे एक जॉब वाया गेला की तेरा चांगल्या जॉबची मजुरी गेली. त्यात वीज, टूल, पगार धरलेलेच नाहीत. छोट्या शेडचा मालक रिजेक्शन बघून एकदम का उखडतो ते या आकड्यांत आहे. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे.

मी यायच्या आधी तिथे साधा नियम होता. ज्याच्या हातून जॉब बिघडेल त्याच्या पगारातून कापायचे. आजूबाजूच्या निम्म्या शेडमध्ये हाच नियम ऐकायला मिळायचा, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. (कायद्याला वाटायचं. १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्येही कामगाराला आपली बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय नुकसानीची कपात करता येत नव्हती. पण तो ॲक्ट आमच्या गल्लीत कुणी वाचला असेल असं वाटत नाही.) मामा सांगायचे, "अरे, तेव्हा शेठचं डोकं आणि कूलंटचा पंप एकदमच गरम व्हायचे."

मग व्हायचं काय? रिजेक्शन कमी झालं का? कागदावर झालं. महिन्याला दोन-तीन जॉब. आणि जॉब मात्र मोजताना कमी भरायचे. बिघडलेले जॉब बरीच्या ड्रममध्ये खाली दाबून भंगारवाल्याकडे जायचे. काही डब्याच्या पिशवीतून बाहेर जायचे आणि नाल्यात पडायचे. मामांच्या भाषेत, "नाला उपसला तर एक ट्रक माल निघेल." हे तरी परवडलं. खरा घोळ म्हणजे जे जॉब थोडक्यात गेलेले असायचे, ते चांगल्यांत मिसळून पुढे जायचे. पैसे कापले जाणार असतील तर पोटाला चिमटा बसलेला माणूस दुसरं करणार तरी काय!

आणि एकदा ते पुढे गेलेले जॉब कस्टमरच्या असेंब्ली लाइनवर सापडले. लाइन थांबली. फोन आला. शेठ, मामा आणि आणखी तिघे कस्टमरच्या गेटवर दोन रात्री बसून १,८०० जॉब एकेक करून तपासत होते. डिसेंबर महिना, वर पत्रा नाही, एक हॅलोजन आणि एक प्लग गेज. त्या दुसऱ्या रात्री पहाटे तीनच्या सुमाराला शेठनी मामांना विचारलं, "मामा, तुम्हाला माहीत होतं का?" मामा म्हणाले, "होतं की." "मग बोलला का नाहीत?" यावर मामांनी जे उत्तर दिलं ते मला त्यांनी स्वतः तीनदा सांगितलंय, तिन्ही वेळा शब्द तेच : "बोलायचे पैसे तुम्ही कापता, न बोलायचे कापत नाही."

मी लागलो तेव्हा या प्रकरणाला सहा-सात महिने झाले होते. दारातून आत गेल्यागेल्या डाव्या हाताला एक लाल रंगाचं क्रेट ठेवलेलं होतं. लाल क्रेट तसं नवं नाही, आयएसओचं ऑडिट असलेल्या कुठल्याही कंपनीत दिसतं. पण बहुतेक ठिकाणी ते कोपऱ्यात, कुलूप लावून ठेवतात, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. आमच्याकडे ते दारात होतं. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागेल इतकं दारात. वर खिळ्याला एक वही टांगलेली. ती वही सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

वहीत रकाने होते : तारीख, मशीन, जॉब, नग, काय झालं, काय बदललं. नावाचा रकाना नव्हता. मी पहिल्याच दिवशी हुशारी दाखवून शेठना म्हणालो, "शेठ, ऑपरेटरचं नाव घालू का? ट्रेसेबिलिटी राहील." शेठ हसले. "चौदा माणसं आहेत रे. मशीन आणि शिफ्ट कळल्यावर नाव कुणाला माहीत नसतं? पण वहीत नाव आलं की ती वही उद्या पगाराच्या दिवशी वहिनींच्या टेबलावर येणार, असं वाटतं माणसाला." वरवर बघितलं तर एक रकाना गाळलेला, पण सगळी गोम त्यात होती.

मामांच्या सांगण्यानुसार वही टांगल्यावर पहिला आठवडाभर ती कोरीच होती. कुणाचा विश्वासच बसेना. मालक लोक अशा स्कीमा दर दिवाळीला काढतात, शिमग्यापर्यंत विसरतात. पहिला जॉब क्रेटमध्ये कुणी टाकला असेल? मामांनी. बावीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाने भर दुपारी सगळ्यांसमोर जॉब नेऊन क्रेटमध्ये टाकला, वहीत लिहिलं, "घाई केली, चकमध्ये बर राहिली होती," आणि चहाला गेले. त्या महिन्यात त्यांचा पगार पूर्ण आला. तेव्हा कुठे बाकीचे हळूहळू लिहायला लागले. मला विचाराल तर कल्चर बदलायला मालकाइतकाच असा एखादा मामा लागतो. मालकाने नियम बदलला तरी तो खरा आहे का, हे आधी कुणीतरी स्वतःच्या पगारावर तपासून बघावं लागतं.

मी तिथे असताना मात्र त्या क्रेटची खरी परीक्षा झाली, ती सांगतोच. लातूरकडचा एक पोरगा होता, आयटीआय होऊन आलेला, नोकरीला तीन महिने. फार बोलायचा नाही. एका सकाळी साडेदहाच्या चहाच्या आधी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, जरा टॉर्च घेऊन येता का?" त्याच्या मशीनवरचा जॉब बघितला. प्लग गेज बरोबर लागत होता. गो जात होता, नो-गो अडत होता. पण टॉर्च मारल्यावर बोअरच्या आत खोल रेघा. इन्सर्टचं टोक उडालेलं. बोअर आधीच वरच्या लिमिटला, त्यामुळे अजून एक कट घेऊन साफ करायलाही जागा नाही. मागचे जॉब तपासत गेलो. सगळे मिळून ३८ निघाले.

३८ गुणिले १४०, ५,३२० रुपये. त्या पोराच्या पगाराच्या निम्म्याला थोडेच कमी. तो एक शब्द न बोलता क्रेट ओढत दारापाशी घेऊन गेला. एका क्रेटमध्ये मावले नाहीत, तर दुसरं घेतलं. शेडमधल्या सगळ्या मशीन चालू होत्या, पण मान प्रत्येकाची केबिनकडे. शेठ बाहेर आले. क्रेट बघितलं. चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता वहीबिही सगळं नाल्यात जाणार.

शेठ काहीही न बोलता गेटबाहेर गेले. समोरच्या टपरीवर उभे राहिले. आम्हाला दारातून दिसत होतं, एक चहा, मग दुसरा चहा. दहा मिनिटांनी परत आले आणि त्या पोराला विचारलं, "टोक कधी फिरवलं होतं?"

पोरगा म्हणाला, "फिरवलं नाही, शेठ. दीडशे जॉब व्हायचे होते."

आणि इथे शेड एकदम गप्प झाली. कारण एका टोकावर शंभरच्या जागी दीडशे जॉब काढा, हा हुकूम पंधरा दिवसांपूर्वी खुद्द शेठनीच दिला होता. इन्सर्टचा भाव वाढला होता म्हणून. मामा लेथवरून खाली बघत होते, पण ऐकत होते हे नक्की. शेठनी वही काढली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि "काय झालं" या रकान्यात स्वतः लिहिलं : "टूल जास्त वापरायला सांगितलं." पुढे "काय बदललं" मध्ये : "१०० जॉबला टोक फिरवणे. दर २० जॉबला बोअरमध्ये टॉर्च." मग पोराला म्हणाले, "चाळिसावा कशाला करत बसला नाहीस, बरं केलंस. जा, चहा घे." बास. भाषण नाही, पाठीवर थाप नाही. संध्याकाळी वहिनींबरोबर त्यांचं जोरात वाजलं म्हणे, आणि वहिनींचंही काही चूक नव्हतं. पाच हजार म्हणजे त्या शेडचं एका मशीनचं दोन-तीन दिवसांचं काम.

त्या पोराने पुढच्या महिन्यात काय केलं ते बघा. बोअरमध्ये टॉर्च मारायला जॉब मशीनमधून काढावा लागायचा, वेळ जायचा. त्याने जुन्या स्कूटरचा आरसा कापून एका पट्टीला लावला आणि जॉब चकमध्ये असतानाच आत बघायची सोय केली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी आरडाओरडा झाला असता तर तो आरसा कधीच झाला नसता, एवढं मी खात्रीने म्हणतो.

इथे आल्यावर टीक्यूएमच्या विषयात डेमिंगचे १४ मुद्दे आले. तुम्ही सगळ्यांनी ते पाठ केलेत, परीक्षेत लिहिलेत आणि विसरलात. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ, १९५० मध्ये जपानी इंजिनियरांना शिकवायला गेला आणि १९५१ पासून जपानात त्याच्या नावाने क्वालिटीचं बक्षीस सुरू झालं, इथपर्यंत आपल्याला ठाऊक असतं. त्याच्या यादीतला आठवा मुद्दा म्हणजे भीती घालवा, आणि अकरावा म्हणजे आकड्यांचे कोटे काढून टाका. वर्गात हे ऐकताना मला ते दार, ते क्रेट आणि मामा दिसत होते. टोयोटाचं तेच. साकिची टोयोडाने असा माग केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा, खराब कापड विणत बसायचा नाही. पुढे मोटारीच्या कारखान्यात तीच गोष्ट माणसांच्या हातात दिली : गडबड दिसली की कामगाराने दोरी ओढायची, आणि ओढली की लीडर धावत येणार. आपण परीक्षेत "ॲन्डॉन"ची आकृती काढतो. दोरी, दिवा, बोर्ड. पण दोरी कुणीही बांधेल हो! ओढल्यावर धावत आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, ते आकृतीत येत नाही.

कोट्यावरून आठवलं. सीएनसीच्या दाराला इंटरलॉक असतो. दार उघडं असेल तर मशीन फिरू नये म्हणून. भोसरीत काय, कुठल्याही एमआयडीसीत फिरा, त्या इंटरलॉकची किल्ली काढून स्विचमध्येच खोचून ठेवलेली सापडेल. म्हणजे मशीनला वाटतं दार बंद आहे, आणि माणूस दार उघडं ठेवून काम करतो. पाच-सात सेकंद वाचतात. पॉवर प्रेसवर याच्याही पुढचा प्रकार. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस पडू नये अशी सोय असते, म्हणजे हात आत राहत नाहीत. त्यातलं एक बटण काडी खोचून दाबून ठेवतात. आमच्या पलीकडच्या गल्लीत एका शेडमध्ये असंच ठेवलेलं होतं आणि एकोणीस वर्षांच्या मुलाची उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. टपरीवर दोन दिवस चर्चा, "पोरं काळजी घेत नाहीत." तिसऱ्या दिवशी विषय बदलला.

आमच्या शेठनी त्या संध्याकाळी आमच्या चारही मशीन बघितल्या. दोन मशीनवर किल्ल्या खोचलेल्या. पुन्हा तोच चेहरा, पण या वेळी बाहेर गेले नाहीत. विचारलं, "का?" एकजण म्हणाला, "शेठ, २२० निघत नाहीत नाहीतर." आणि मला सांगितलं, उद्या स्टॉपवॉच घेऊन उभा राहा.

उभा राहिलो. सायकल टाइम १०५ सेकंद, जॉब काढून दुसरा लावायला २५. एकूण १३०. आठ तासांचे २८,८०० सेकंद, भागिले १३०, आले २२१. म्हणजे २२० हे टार्गेट कुणीतरी आठ तासांना सरळ भागून काढलं होतं! त्यात जेवणाचा अर्धा तास नाही, चहाची वीस मिनिटं नाहीत, तपासणी आणि बर साफ करायची पंधरा मिनिटं नाहीत. हे सगळं वजा केलं तर ४१५ मिनिटं उरतात आणि १९१ जॉब बसतात. मधले २९ जॉब माणूस कुठून आणणार? जेवण घाईत उरकणार, तपासणी गाळणार, दाराची किल्ली खोचणार. इंडस्ट्रियल इंजिनियरिंगमध्ये पर्सनल अलाउन्स आणि फटीग अलाउन्स शिकवतात ना, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. टार्गेट १९० झालं. किल्ल्या केबिनमध्ये खिळ्याला गेल्या. दोन महिने मी दिवसाचा आकडा लिहीत होतो : कधी १८५, कधी १९४. आणि खरं सांगायचं तर २२० टार्गेट असतानाही रजिस्टरमधले चांगले जॉब १९५ च्या वर क्वचितच गेलेले होते. फक्त तेव्हा प्रत्येकजण रोज संध्याकाळी हरून घरी जायचा.

आता कुणी म्हणेल की हा मुलगा शेठची आरती ओवाळतोय. तसं नाही. काही गोष्टी खटकायच्या. एक म्हणजे "आपलं कुटुंब आहे" हे वाक्य. छोट्या धंद्यात हे वाक्य फार चालतं आणि ते नेमकं गुरुवारी सकाळी आठवतं, डिस्पॅच अडलेला असताना. कुटुंब म्हटलं की माणसाला सुट्टीचे पैसे मागायची चोरी होते. मामांनी एकदा सगळ्यांसमोर ऐकवलं, "शेठ, कुटुंब आहेच, पण कुटुंबाला दूधवाला उधार देत नाही." शेठ हसले खरे, पण त्या गुरुवारची हजेरी लागली. माझं मत विचाराल तर कामाच्या ठिकाणी नातं नंतर, आधी तारीख. पगाराची तारीख. आमच्याकडे ती सात होती. एका महिन्यात कस्टमरचं पेमेंट अडकलं, तेव्हा शेठनी पाच तारखेलाच सगळ्यांना उभं करून सांगितलं, निम्मे सातला, निम्मे पंधराला. आणि पंधराला दिले. कुणी कुरकुर केली नाही. सात तारखेला संध्याकाळी केबिनला कुलूप दिसलं असतं तर मात्र बारा महिन्यांची पुण्याई एका दिवसात गेली असती.

आणि हो, संडासाची कडी. हसू नका. आम्ही लागलो तेव्हा दाराला आतून कडी नव्हती, एकाने बाहेर उभं राहायचं. कडी, बल्ब आणि बादली, सगळा खर्च तीनशेच्या आत. पण ते झाल्यावर शेडमधली बोलणी बदलली, असं मला तरी जाणवलं. माणसाची लाज राखली गेली की त्याला ही जागा आपली वाटायला लागते. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, त्या वेळी पूर्वी म्हणे पूजेचा मान शेठचा आणि बाकीचे मागे उभे. त्या वर्षी ज्याचं मशीन त्याने हार घालायचा असं ठरलं. लातूरच्या पोराने आपल्या मशीनबरोबर त्या आरशाच्या पट्टीलाही हळदीकुंकू लावलं!

कस्टमरच्या पेमेंटचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. आमचे नव्वद-शंभर दिवसांनी यायचे. शेठ तक्रार करायचे का? छे! तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल. म्हणजे मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्यासमोर शेठ नेमके तसेच उभे असायचे, जसे पूर्वी कामगार शेठसमोर उभे राहायचे. तोंड बंद, मान खाली. भीती अशी वरून खाली पाझरत येते आणि शेवटी त्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बोटांपाशी पोचते. शेठना वरची भीती थांबवता आली नाही. त्यांनी ती आपल्या दारात अडवली, निदान बराच भाग.

हे सगळं जुन्या काळी कुणाला कळत नव्हतं असंही नाही. माझं गाव सांगलीकडचं. पुण्याहून मिरजेला जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच एका कॉलेजात, शिकवत होते. बढतीत डावललं गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजाने दिलेल्या माळरानावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. तिथे रात्रीच्या रखवालीला त्यांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसं ठेवली होती. ज्यांच्यापासून माल सांभाळायचा, त्यांच्याच हातात माल दिला! आमच्या शेठनी हे कधी वाचलं असेल असं नाही. ते कॅटलॉग आणि राशिभविष्य सोडून काही वाचत नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. लॅबमध्ये मल्टिमीटर जळतो. कुणी जाळला? कुणीच नाही. तो आपोआप कपाटात मागे सरकतो आणि पुढच्या बॅचच्या हातात पडतो, मग त्यांची अर्धी प्रॅक्टिकल "रीडिंग येत नाही सर" यात जाते. फिटिंग शॉपमध्ये टॅप तुटला की जॉब गुपचूप बेंचखाली. का? तर ब्रेकेजचे पैसे. मेसचंही तसंच. मेस म्हणजे सात-आठ माणसांचा छोटा धंदाच आहे. आमटी खारट झाली की आपण ओरडतो कुणावर? वाढणाऱ्या पोरावर. त्याने ती केलेली नसते, पण उद्यापासून तो आत जाऊन काही सांगत नाही, एवढं मात्र नक्की होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅब असिस्टंट काकांना मी मागच्या सेमला या वहीबद्दल सांगितलं. त्यांनी दाराजवळ एक खोका ठेवलाय, वर कागद चिकटवलाय : "बिघडलेलं इथे ठेवा. नाव नको. काय झालं ते लिहा." पहिल्या पंधरवड्यात चार मल्टिमीटर आले. काका म्हणाले, त्यातल्या तिघांचा नुसता फ्यूज गेला होता.

दिवाळीच्या सुट्टीत शेडवर जाऊन आलो. आता पाच सीएनसी आहेत. लातूरचा पोरगा सेटर झालाय आणि त्याच्या हाताखाली दोन नवी पोरं आहेत. वहीचा तिसरा भाग चालू आहे, नावाचा रकाना अजून नाही. शेठनी एक बायोमेट्रिक मशीन घेतलंय, त्यावर मामांचा अंगठा लागत नाही, बोटावरच्या रेषाच झिजल्यात. त्यांची हजेरी वहिनी हाताने लावतात. ओव्हरटाइमचं मात्र अजून सिंगलच चाललंय, कायद्याने डबल द्यायचा असतो हे सगळ्यांना माहीत असून. या वेळी बोनसच्या दिवशी मामांनी सगळ्यांसमोर विषय काढला. शेठ म्हणाले, "मार्चनंतर बघू." मामांनी खिशातून पेन काढलं, खिळ्यावरची वही घेतली आणि "काय बदललं"च्या रकान्यात तारीख टाकून लिहिलं : "ओव्हरटाइम, मार्चनंतर." शेठनी वाचलं आणि काही बोलले नाहीत. पान फाडलं नाही, एवढं मी बघितलंय.